दीड इंचासाठी अडलेला वॉकर

मी एक जुना वॉकर आहे. मित्रांनो, वॉकर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेलच. चार पाय, दोन मुठी आणि मध्ये रिकामी जागा. त्या जागेत माणसाने उभे राहायचे, मुठी धरायच्या, आधी मला पुढे ठेवायचे आणि मग आपले पाऊल टाकायचे. एवढेच काम आहे. पण एवढ्या सोप्या कामाचा माणसे किती घोळ घालू शकतात हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवले, पायांत रबरी बूट घातले. शेवटच्या टेबलाशी एक चष्मेवाली तपासनीस बसायची. ती प्रत्येक वॉकर काचेवर उभा करायची आणि चारही कोपऱ्यांवर बोटाने दाबून बघायची. जो डुगडुगला तो परत. मी डुगडुगलो नाही. "हा चांगला आहे," ती म्हणाली. ती माझी पहिली शाबासकी, आणि पुढचा बराच काळ शेवटचीही. तिथून मी औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला छताच्या हुकाला उलटे टांगले आणि तो सात महिने मला विसरला.

शेवटी एक दिवस एक घाईतली बाई आली, मला खाली उतरवून घेतले आणि गाडीच्या मागच्या सीटवर टाकले. ती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या आईने बल्ब बदलायला स्टुलावर चढून मांडीचे हाड मोडून घेतले होते. आईचे वय एकोणऐंशी. बल्ब अजून तसाच होता, बंद.

ही आई म्हणजे साधीसुधी आई नव्हे. तिने एकतीस वर्षे गाडी शिकवण्याची शाळा चालवली होती. अर्ध्या गावाला तिने क्लच आणि गियर शिकवले, आणि अख्खे गाव तिला बाई म्हणायचे. मीही बाईच म्हणेन.

इस्पितळातून व्यायाम शिकवणारी एक बाई घरी आली. तिने बाईंना सरळ उभे केले, हात खाली सोडायला सांगितले आणि माझ्या मुठी बरोबर त्यांच्या मनगटाच्या रेषेत आणल्या. माझ्या पायांतली बटणे चौथ्या भोकात टक्कन बसली. "चौथं भोक," ती सगळ्यांना म्हणाली. "लक्षात ठेवा. कमी केलंत तर पाठ वाकेल, वाढवलंत तर खांदे चढतील." सगळ्यांनी मान हलवली. मित्रांनो, मान हलवणे आणि लक्षात ठेवणे यांचा काही संबंध असतो असे मला पूर्वी वाटायचे.

बाईंना मी पहिल्या दिवसापासून नकोसा होतो. "एकतीस वर्षं मी लोकांना चालवायला शिकवलं," त्या मुलीला म्हणाल्या. "आता हे चारपायी जनावर मला चालायला शिकवणार?" कोणी भेटायला आले की मी दाराआड. आणि बाई कशा चालायच्या? आधी कपाट धरायचे, मग टेबल, मग खुर्चीची पाठ, मग फ्रिज. कपाट हलत नाही हे खरे. पण कपाटानंतर खुर्ची येते आणि खुर्ची सरकते. मी दाराआडून हे बघायचो आणि माझे स्क्रू सैल व्हायचे.

बाईंना दोन मुले. मुलगी त्याच गावात, पण दुसऱ्या टोकाला. मुलगा दूर परदेशी, इंजिनियर. तो रोज फोन करायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. आईला एकटे ठेवता येणार नाही यावर दोघांचे एकमत होते. बाईंचे म्हणणे एकच होते. "मी या घरातून हलणार नाही." म्हणून मग चोवीस तास घरात राहून सांभाळणारी कोणीतरी शोधायचे ठरले.

पहिली आली ती सहा दिवस टिकली. बाई रोज सकाळी कागदावर रस्त्यावरच्या खुणा काढून तिची परीक्षा घ्यायच्या. 'पुढे अरुंद पूल' ही खूण तिला पाचही दिवस ओळखता आली नाही. सहाव्या दिवशी ती चहाचे आधण गॅसवर ठेवून निघून गेली.

दुसरी फार प्रेमळ होती. तीच तर अडचण झाली. बाईंनी पाय खाली टेकवायच्या आत ती सगळे पलंगावर आणून द्यायची. चहा पलंगावर, वर्तमानपत्र पलंगावर, तोंड धुवायचे भांडेही पलंगावर. मुलाने घरात कॅमेरा बसवून घेतला होता. त्यात बघून तो तिकडून म्हणायचा, "वा, आई मस्त आराम करतेय." मी कोपऱ्यात उभा होतो आणि माझ्यावर दोन परकर आणि एक चादर वाळत होती. महिनाभरात बाईंच्या पोटऱ्या मनगटाएवढ्या झाल्या. स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणासाठी ही दुसरी बाई रडत रडत गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला बाईंना खुर्चीतून उठता आले नाही. कोणी वाईट वागले नव्हते. तरी बाई निम्म्या झाल्या होत्या.

याच काळात मुलगा चार दिवसांसाठी येऊन गेला. इंजिनियर माणूस, हात शिवशिवतात. "म्हातारपणी उंची कमी होते, मी वाचलंय," असे म्हणत त्याने माझी बटणे दाबली आणि मला दोन भोके खाली उतरवले. मग विमान पकडून गेला. तेव्हापासून बाईंनी मला धरलेच तर जमिनीवर हरवलेले काही शोधत असल्यासारख्या वाकून चालायच्या, आणि सगळे म्हणायचे, वय झालं.

मग तिसरी आली. ती पन्नाशीची होती. तिला सगळे ताई म्हणू लागले. नऊ वर्षे ती लोकांच्या घरी राहून लोकांचे आईवडील सांभाळत होती. तिच्याकडे एक कापडी पिशवी, दोन साड्या आणि शिवणकामाची मोजपट्टी होती. तिला निजायला अडगळीची खोली मिळाली. तिथल्या खिडकीची कडी लागत नव्हती. ताईने तिला सुतळी बांधली आणि कामाला लागली.

पहिल्या दिवशी तिने माझ्यावरचे कपडे काढून दोरीवर टाकले. मग बाईंच्या शेजारी उभे राहून माझ्या मुठीकडे नीट बघितले, खाली बसली आणि बटणे दाबून मला पुन्हा चौथ्या भोकात आणले. तिला कोणी सांगितले नव्हते. तिने फक्त बघितले होते. मला तिच्या पाया पडावेसे वाटले, पण मला वाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बाथरूमच्या दाराला मोजपट्टी लावली. मग मला लावली. दार तेवीस इंच. मी साडेचोवीस.

मित्रांनो, हा दीड इंच नीट समजून घ्या. त्या घरात सगळ्यात जास्त पडायची भीती कुठे? बाथरूममध्ये. ओली फरशी, साबण, खाली वाकणे, उठणे. आणि नेमके तिथेच मला जाता येत नव्हते. आडवा करून नेता येतो, घडी घालूनही नेता येतो, पण तेव्हा मी आधार नसतो, नुसते ओझे असतो. म्हणून बाई मला दाराशी सोडायच्या आणि आत बेसिन धरून जायच्या. जिथे गरज, तिथे मी बाहेर. इतक्या लोकांनी इतक्या वस्तू आणल्या, पण दार कोणी मोजले नव्हते.

ताईने त्याच दिवशी मुलीला फोन केला. "दार दीड इंचाने लहान पडतंय. सुताराला बोलवावं लागेल."

"हो हो, बघते," मुलगी म्हणाली. तिच्या मागे कुठले तरी यंत्र वाजत होते.

मग मुलाला सांगितले. "मी बघतो," तो म्हणाला, आणि आठवड्याने एक पार्सल आले. त्यात भिंतीला हवेने चिकटणारा धरायचा दांडा होता. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरून निसटला आणि बादलीत पडला. नशीब, तेव्हा कोणी त्याला धरलेले नव्हते. मग एक घंटा आली. मग न घसरणारी चटई आली, ती दारात अडकून दुमडायची. दार तेवढे तेवीस इंचच राहिले.

ताई मात्र पालथ्या घड्यावर पाणी ओतत राहिली. मुलीने तिला एक वही दिली होती, रोजचे सगळे लिहायला. रक्तदाब, गोळ्या, जेवण, झोप. ताई दुपारी टेबलाशी बसून लिहायची. मी शेजारीच असायचो, म्हणून मला दिसायचे. प्रत्येक पानाच्या शेवटी ती आणखी एक ओळ लिहायची: बाथरूमचं दार लहान आहे. मुलगी रविवारी यायची, चहा पिता पिता वही चाळायची आणि सही करायची.

बाईंनी ताईलाही छळायचा प्रयत्न केला. रस्त्यावरच्या खुणांची परीक्षा झालीच. ताईने कागद बघितला आणि म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही, बाई. तुम्ही उठून खिडकीपाशी चला, खालच्या रस्त्यावर कोणकोणत्या आहेत त्या दाखवा." बाई चिडून उठल्या. खिडकीपर्यंत अकरा पावले होती. त्या खुणा दाखवायच्या नादात माझ्या आधाराने अकरा पावले चालून गेल्या आणि परत आल्या, आणि परत खुर्चीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आले.

"तू मला फसवलंस," त्या म्हणाल्या.

"हो," ताई म्हणाली. "उद्या मागच्या खिडकीतल्या दाखवा."

ताई चालताना बाईंना धरायची नाही. एक पाऊल मागे, जरा बाजूला राहायची आणि तिचा हात बाईंच्या कमरेपासून चार बोटांवर असायचा. लागायचा नाही. एक दिवस बाई मध्येच थांबल्या.

"तू मला धरत का नाहीस?"

"पडायला लागलात तर धरीन."

बाईंनी माझ्या मुठी पुन्हा नीट धरल्या. मग म्हणाल्या, "शिकाऊ गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असायचा. एकतीस वर्षं पाय त्याच्यावर धरून बसले. दाबला फार थोड्या वेळा. संध्याकाळी पाय भरून यायचा, तो दाबून नाही. न दाबून."

"हाताचंही तसंच होतं," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून मी दाराआड गेलो नाही.

पण मित्रांनो, सगळे सुरळीत झाले असे म्हणायची सोय माणसे ठेवत नाहीत. ताईची सुट्टी रविवारी असायची. सकाळी आठला जायची, संध्याकाळी सातला परत. त्या दिवशी मुलगी येणार, असे ठरले होते. पहिल्याच सुट्टीवर जायच्या आधी ताईने आणखी एक गोष्ट केली होती. घराची एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे ठेवली होती. हा शेजारी कोर्टातला निवृत्त कारकून. माझ्या पायांची टकटक त्याच्या डोक्यावर होते म्हणून त्याने दोन वेळा लेखी तक्रार दिली होती, वर तारीख, खाली सही. "अशा माणसाकडे किल्ली?" मुलगी म्हणाली होती. "तो दिवसभर घरी असतो आणि त्याला आपला प्रत्येक आवाज ऐकू येतो," ताई म्हणाली.

त्या रविवारी पावणेआठला मुलीचा फोन आला. "निघालेच." ताईने पिशवी उचलली. आता 'निघालेच' या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. माणूस तेव्हा अजून केस विंचरत असतो. त्यात प्रयोगशाळेतले यंत्र बंद पडले आणि मुलीला आधी तिकडे जावे लागले. तिने आईला कळवले. "ये सावकाश, मी काही कुठे पळत नाही," बाई म्हणाल्या आणि फोन टेबलावर ठेवला.

दहाच्या सुमाराला बाई बाथरूमला निघाल्या. मला दाराशी सोडले, बेसिनला हात घातला, आणि फरशीवरून त्यांचा पाय सटकला. त्या बेसिन आणि भिंतीच्या मधल्या सांदीत बसत्या पडल्या. कोपर नळावर आपटून फाटले. मी दीड इंच जाडा म्हणून बाहेर उभा होतो आणि त्यांच्या एका पायाचा तळवा माझ्या पुढच्या पायापासून वीतभर होता.

आधी त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आपले हातपाय एकेक करून हलवून बघितले, जशी गाडी ठोकल्यावर उतरून बघतात तशी. उठता येत नाही हे कळल्यावर त्यांनी हाका मारल्या. बाथरूमच्या भिंतींपलीकडे आवाज गेला नाही. घंटा पलंगावर होती. चटई घडी करून ठेवलेली होती. कॅमेरा बैठकीच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बघत होता.

"तू काय बघतोस?" त्या मला म्हणाल्या.

त्यांनी टाच माझ्या पायाच्या मागे अडकवून ओढले. मी आडवा झालो आणि दारातच अडकलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यांनी माझा एक पाय पकडला आणि मला फरशीवर आपटायला सुरुवात केली. दोन-चार फटक्यांत माझा रबरी बूट निघून गेला. उघडी नळी फरशीवर अशी वाजू लागली की मला माझीच लाज वाटली. थांबायचे, दम घ्यायचा, पुन्हा आपटायचे. असे तासभर तरी चालले. त्यांच्या कोपराचे रक्त माझ्या नळीवरून ओघळत होते आणि फटके हळूहळू हलके होत होते. मला तेव्हा खरोखर वाटले की आता संपले.

मग जिन्यात पावले वाजली. दाराबाहेरून कारकुनाचा आवाज आला. "रविवारी तरी माणसाला वर्तमानपत्र वाचू द्याल की नाही? मी तिसरी तक्रार लिहिली आहे. घ्या."

"किल्ली लावा," बाई आतून म्हणाल्या. "मी पडले आहे."

तो आला. त्याला त्यांना उचलता आले नाही, त्याचे स्वतःचे वय पंच्याहत्तर. त्याने रुग्णवाहिकेला फोन केला, मुलीला केला, तक्रारीचा कागद खिशात कोंबला, कोपरावर रुमाल दाबून धरला आणि फरशीवर बसून राहिला.

"हा वॉकर दारात कशाला अडकवून ठेवलाय?" त्याने विचारले.

"तो आत जात नाही."

"मग बाहेर काय उपयोग?"

"तेच तर," बाई म्हणाल्या.

हाड मोडले नव्हते. कोपराला सात टाके पडले आणि कमरेवर थाळीएवढा काळानिळा डाग उठला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात बैठक बसली. बाई खुर्चीत, मुलगी समोर, ताई दाराशी उभी, आणि मुलगा पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये.

मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही सुट्टीवर गेलात की नेमकं असं होतं. रविवारी जायलाच हवं का? काय असतं एवढं?"

"आठवड्यातला एक दिवस ठरला होता, दादा," ताई म्हणाली. "माझी आई आहे. शहाऐंशी वर्षांची. एकटी असते. रविवारी मी तिला अंघोळ घालते."

फोनमधला चेहरा खाली बघू लागला. त्या घरात येऊन ताईला सात आठवडे होत आले होते, आणि तिला आई आहे का हे कोणी विचारले नव्हते. मीही नाही. पण मला तोंड नाही, हे माझे निमित्त. त्यांचे काय होते?

मुलीने पर्समधून एक अर्ज काढून टेबलावर ठेवला. तो वृद्धांच्या देखभाल केंद्राचा होता. बाईंनी तो बघितला आणि बोट लावले नाही.

"मी इथेच राहणार," त्या म्हणाल्या.

तेव्हा मुलगी फुटली. "तू म्हणतेस मी इथेच राहणार, आणि धावते कोण? महिन्यात चार वेळा हातातलं काम टाकून आले मी. काल रस्त्याने येताना वाटलं, आता पोचेन तेव्हा तू नसशील. दर वेळेला तेच वाटतं. फोन वाजला की आधी गाडीची किल्ली शोधते. मी वाईट नाहीये, आई. मी दमलेय."

बाई काहीतरी टोचून बोलतील असे मला वाटले. त्यांनी नुसता मुलीच्या हातावर आपला टाके पडलेला हात ठेवला.

ताई आत जाऊन वही घेऊन आली आणि मुलीसमोर उघडून ठेवली. मुलगी वाचू लागली. रक्तदाब, गोळ्या, जेवण, झोप. बाथरूमचं दार लहान आहे. पान उलटले. बाथरूमचं दार लहान आहे. पुन्हा पान उलटले. सत्तेचाळीस पाने होती, आणि दर शनिवारच्या पानावर त्याच ओळीला लागून मुलीची झोकदार सही होती.

"मी सही करत होते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कसलं दार?" फोनमधून मुलाने विचारले. "मी दांडा पाठवला होता ना?"

"दादा, दांडा बादलीत आहे," ताई म्हणाली.

बाई सरळ बसल्या. "दार मोठं करायचं की मला बारीक करायचं, ते आज ठरवा. मी आता आणखी बारीक होणार नाही." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "आणि तूही ऐक. रविवारी तू आई म्हणून भेटायला ये. राखण करायला नको. त्या दिवसासाठी दुसरी कोणीतरी बघा. मी तिची परीक्षा घेणार नाही."

बाईंच्या तोंडून हे वाक्य निघायला किती जड गेले असेल ते मला ठाऊक आहे. अर्ज टेबलावरून उचलला गेला. फाडला वगैरे नाही. मुलीने तो घडी करून पर्समध्ये परत ठेवला आणि म्हणाली, "सहा महिने बघू."

सुतार दुसऱ्याच दिवशी आला. तो बाईंचाच जुना विद्यार्थी, तिसऱ्या परीक्षेला पास झालेला. त्याने जुनी चौकट काढली, कडेची भिंत थोडी तासली आणि घडीचे दार बसवले. सकाळी नऊला सुरुवात केली आणि दोन वाजता हात धुतले. "एवढंसं काम, बाई. आधीच सांगायचं ना," तो म्हणाला. ताईने त्याच्याकडे अशा नजरेने बघितले की तो चहा न पिताच गेला. जाताना त्याला हाक मारून तिने अडगळीच्या खोलीतली खिडकीची कडीही बसवून घेतली. त्या दिवशी मी पहिल्यांदा बाथरूममध्ये गेलो. दोन्ही बाजूंना बोटबोट जागा होती. बाईंनी मला बेसिनपर्यंत नेले, आरशात स्वतःकडे बघितले आणि विस्कटलेला भांग सरळ केला.

पुढची तीन वर्षे आणि काही महिने बाई त्याच घरात राहिल्या. सहा महिने झाले तेव्हा अर्जाचे नाव कोणी काढले नाही. रविवारवाली आली, स्कूटर चालवणारी हसरी मुलगी. बाईंनी तीन रविवार कळ काढली आणि चौथ्याला तिची परीक्षा घेतली. तिला सगळ्या खुणा आल्या, तेव्हा बाई जरा हिरमुसल्या. कारकुनाने माझ्यासाठी जाड रबराचे नवे बूट आणून दिले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे त्याने स्वतःच्या शांततेसाठी केले. मुलगी रविवारी येऊन आईशी भांडायची, हसायची, कधी आईच्या पलंगावरच झोपून जायची. फोनवरून शेळ्या हाकणे चालूच होते, पण मुलगा आता आधी विचारायचा, "ताई, तुमचं काय मत?" सवय लागायला त्याला वर्ष लागले.

एका मंगळवारी सकाळी बाई खिडकीपर्यंत जाऊन आल्या, पलंगावर बसल्या, बरे वाटत नाही म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. ताईने हात हातात घेतला. मुलगी या वेळी पोचली तेव्हा बाईंना तिची ओळख पटली. दुपारी त्या गेल्या. आपल्या घरात, आपल्या पलंगावर. मी पलंगाशी उभा होतो आणि बराच वेळ मला कोणी हलवले नाही.

आठ दिवसांनी मुलीने ताईला विचारले, "या घरातलं तुम्हाला काय देऊ? हवं ते सांगा." ताईने माझ्याकडे बोट दाखवले. मुलीने मला गाडीत घातले आणि ताईला तिच्या घरी सोडायला गेली. तिने ते घर प्रथमच पाहिले. दोन खोल्या होत्या आणि भिंतीला माणसाच्या कमरेच्या उंचीवर एक काळपट पट्टा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलीने विचारले, हा कसला डाग? ताई म्हणाली, "आईचा हात. ती भिंत धरून चालते." मुलगी तिथेच पायरीवर बसली.

ताईची आई ठेंगणी आहे आणि तिखट आहे. मला बघून ती म्हणाली, "हे कशाला आणलंस? जागा अडवतंय." पहिल्या दिवशी तिने माझ्यावर ओला पंचा वाळत टाकला. म्हणजे माझा जन्म पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, असे समजा. पण ताईने मला तिच्या मनगटाला जुळवून दिले आणि पुढच्या दांडीला एक कापडी पिशवी बांधली, कारण मला धरले की दोन्ही हात अडकतात आणि मग माणसाला काही नेता येत नाही.

पुढच्या घरी जायच्या आधी ताईने दहा दिवस सुट्टी घेतली. त्यातले पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. भर दुपारी, पंखा चालू, तोंड उघडे. दुसऱ्या दुपारी म्हातारी उठली. तिने इकडे तिकडे बघितले, पंचा काढून फेकला, मला धरले आणि भिंत सोडली. स्वयंपाकघरात जाऊन पाण्याची बाटली माझ्या पिशवीत घातली. मग एकेक पाऊल टाकत लेकीच्या अंथरुणापाशी आली, बाटली उशाशी ठेवली आणि तिच्या अंगावरची चादर नीट केली. ताईला जाग आली नाही. नऊ आणि तीन, बारा वर्षांत तिला कोणी उशाशी पाणी आणून ठेवले असेल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याची उंची बघा, त्याचे बूट बघा, तो कुठे अडतो ते बघा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुमच्यावर विसंबावे लागते. पण तुमच्या आजीआजोबांना सांभाळायला जी बाई तुमच्या घरात येऊन राहते, तिला बोलता येते. ती काही सांगत असेल तर हातातले काम ठेवून ऐका. आणि तिने काही सांगायची वाट न बघता एकदा तिला विचारा, की आज तिच्या आईजवळ कोण आहे.